रोलर ओढणारा गोलंदाज

हा लेख क्रिकेटवर आहे म्हटल्यावर अर्धं हॉस्टेल तो वाचणार याची मला खात्री आहे. पण यात सचिन नाही, धोनी नाही, कोहली नाही. ज्याच्याबद्दल लिहितोय त्या माणसाचं नाव मला स्वतःला थर्ड इयरपर्यंत माहीत नव्हतं. आणि तो माणूस आपल्यापासून फार लांबचा नाही. आपल्या संत तुकाराम नगरच्या स्टेशनवरून मेट्रोत बसलं की नाशिक फाटा, कासारवाडी, फुगेवाडी, दापोडी, बोपोडी करत खडकी येते. खडकीच्या पलीकडे पुण्याचं कॅम्प. या पट्ट्यातच सव्वाशे वर्षांपूर्वी तो क्रिकेट शिकला.

विषय निघाला तो आमच्या नेट प्रॅक्टिसमुळे. इंटर-हॉस्टेल सामन्यांच्या आधी आमच्याकडे डावखुरा स्पिनर नव्हता. मेसमध्ये ताटं वाढणारा एक दादा संध्याकाळी काम आटोपलं की ग्राउंडच्या कडेला उभा राहून बघत असे. एकदा त्याने सहज बॉल टाकून दाखवला. पहिल्या ओव्हरमध्ये मी दोनदा बोल्ड झालो. त्या दिवसापासून आम्ही त्याला रोज बोलवायला लागलो. तो मॅट अंथरायचा, स्टंप ठोकायचा, तासभर बॉलिंग करायचा, मग मॅट गुंडाळून ठेवायचा. आमचा चहा यायचा तेव्हा आम्ही पायरीवर बसून प्यायचो, तो आपला ग्लास घेऊन बाजूला उभा. त्याला कोणी तिकडे जायला सांगितलं नव्हतं. पण कोणी इकडे ये असंही म्हटलं नव्हतं.

हे एकदा रेक्टर सरांनी पाहिलं. ते आम्हाला रागावले नाहीत. जाता जाता एवढंच सांगून गेले की लायब्ररीत जा आणि पालवणकर बाळू कोण होते ते वाच. मी गेलो. सुरुवातीला सबमिशनसारखं, म्हणजे करायचं म्हणून. नंतर मात्र पुस्तक खाली ठेववेना.

बाळू पालवणकरांचा जन्म १८७५-७६ च्या सुमाराला धारवाडला झाला. घराणं मूळ कोकणातलं, पालवणचं, म्हणून पालवणकर. जात चांभार. म्हणजे त्या काळच्या हिशोबात अस्पृश्य. वडील लष्करात नोकरीला, त्यामुळे कुटुंब पुण्याला आलं. लष्कराची वस्ती म्हणजे क्रिकेट आलंच. साहेब लोकांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि झिजलेले बॉल यांवर बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. आपण सेकंडहँड ड्राफ्टर घेतो ना, तसं. फरक एवढाच की आपल्याला पुढे नवा घेता येतो.

तेव्हाचं पुणं म्हणजे दोन गावं होती असं समजा. एक पेठांचं पुणं. सोमवार, मंगळवार, बुधवार, शुक्रवार अशी वारांची नावं असलेल्या पेठा, बाजाराच्या वस्त्या, आणि प्रत्येक जातीचा आपापला वाडा. दुसरं कॅम्पचं पुणं. १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर इंग्रजांनी वसवलेलं, सरळ रस्त्यांचं, बराकींचं, जिमखान्यांचं. पेठेतल्या पुण्यात बाळूंना विहिरीवर जाता येत नव्हतं. कॅम्पातल्या पुण्यात त्यांना क्लबच्या आत जाता येत होतं, पण नोकर म्हणून.

पहिली नोकरी पारशी लोकांच्या एका क्रिकेट क्लबात. काम पिच झाडण्याचं आणि रोलर ओढण्याचं. पगार महिना तीन रुपये. १८९२ मध्ये ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले, तिथे चार रुपये. काम तेच, वर नेट लावणं, खुणा मारणं, आणि गोऱ्या मेंबरांना सरावासाठी बॉल टाकणं. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. त्यांना बॅट हातात घ्यायची जवळजवळ कधी संधीच मिळाली नाही. बॅटिंग ही साहेबाची, बॉलिंग नोकराची. रोज तासन्‌तास, वर्षानुवर्षं बॉल टाकणं हाच त्यांचा कोर्स, आणि हेच प्रॅक्टिकल.

त्या नेटमध्ये जॉन ग्लेनी ग्रेग नावाचा लष्करी अधिकारी यायचा. बुटका, पण फलंदाज जबरदस्त. पुढे इंग्लंडमध्ये तो हॅम्पशायर कौंटीकडून खेळला. आपला सराव पक्का व्हावा म्हणून तो बाळूंना तासभर आधी बोलवायचा. आपल्याला बाद केलंस की दर वेळी आठ आणे, असा त्याने सौदा केला होता असं सांगतात. महिन्याला चार रुपये मिळवणाऱ्याला आठ विकेट म्हणजे आणखी एक पगार! हा हिशोब खरा की दंतकथा हे सोडून द्या. पण कौंटी दर्जाच्या फलंदाजाला रोज बॉल टाकून बाळूंचा डावखुरा स्पिन तयार झाला हे नक्की.

आता पुण्यातल्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचं होतं. आणि शहरातला सगळ्यांत चांगला गोलंदाज कोण, तर युरोपियनांच्याच क्लबात रोलर ओढणारा चांभाराचा मुलगा. मोठा पेच! घ्यावं की न घ्यावं यावर क्लबात वाद झाला. तेलुगू मेंबर म्हणाले घ्या, काही ब्राह्मण मेंबर म्हणाले नको. शेवटी जिंकायची इच्छा सोवळ्यापेक्षा मोठी ठरली आणि बाळू टीममध्ये आले.

पण कसे आले? मैदानावर त्यांनी टाकलेला बॉल सगळे हाताळायचे. तो बॉल बाटत नव्हता. चहाच्या वेळी मात्र टीम पॅव्हेलियनमध्ये आणि बाळू बाहेर. त्यांचा चहा मातीच्या भांड्यात, जे नंतर फोडून टाकायचं. तोंड धुवायचं तर पाणी घालायला त्यांच्याच समाजातला नोकर. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या जागी. हे वाचताना मला आमच्या ग्राउंडची पायरी आठवली आणि पान पुढे उलटायला जरा वेळ लागला.

बाळूंनी या सगळ्याला काय उत्तर दिलं? विकेट काढल्या. साताऱ्याच्या युरोपियन जिमखान्याविरुद्धच्या सामन्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. बाळूंचा स्पिन चालू नये म्हणून तिथल्या लोकांनी आठवडाभर पिचवर रोलर फिरवून ते पाटासारखं करून ठेवलं होतं. तरी बाळूंनी सात गडी बाद केले आणि हिंदू संघ जिंकला. मला वाटतं, रोलर फिरवून पिचचं काय होतं हे त्या मैदानावर त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसावं. मातीत ओल किती, ती कुठे भुसभुशीत, बॉल कुठे थांबून येणार, हे ज्याने स्वतः खांद्याला दोर लावून शिकलं त्याला पाटा पिचची काय भीती? सॉइल मेकॅनिक्स आपण पुस्तकात शिकतो, त्यांनी पायाखाली शिकलं. पुण्याला परतल्यावर त्यांचा जाहीर सत्कार झाला आणि न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांचं कौतुक केलं अशी नोंद आहे. बरोबर खेळता तर बरोबर खायला-प्यायला काय हरकत, हा प्रश्न त्या निमित्ताने पुण्यात उघडपणे विचारला गेला.

१८९६ नंतर प्लेगने मुंबई-पुण्यात कहर केला. त्या धामधुमीच्या काळात बाळू मुंबईला गेले. तिथे हिंदू जिमखान्यातही घ्यावं की न घ्यावं हा वाद पुन्हा झालाच, आणि पुन्हा त्यांच्या बॉलिंगने तो मिटवला. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत त्यांना नोकरी मिळाली. म्हणजे आजच्या भाषेत पर्मनंट!

फेब्रुवारी १९०६. मुंबईच्या जिमखान्यावर हिंदू विरुद्ध युरोपियन. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या, युरोपियन १९१ आणि १०२ मध्ये गारद. १०९ धावांनी विजय. बाळू आणि शिवराम दोघंही त्या संघात होते, आणि दुसऱ्या डावात बाळूंनी युरोपियनांना उभंच राहू दिलं नाही. स्वदेशीचे दिवस होते, त्यामुळे या विजयाचा गाजावाजा देशभर झाला. पण इंडियन सोशल रिफॉर्मर या पत्राने वेगळ्याच गोष्टीवर बोट ठेवलं. पुण्यात ज्या माणसाला चहा बाहेर दिला जायचा, तो मुंबईत सगळ्यांच्या पंक्तीला बसून जेवत होता. त्या पत्राच्या मते खरी जिंकलेली मॅच ती होती.

मग आलं १९११ साल. पहिल्यांदाच सर्व जातिधर्मांचा निवडक भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर निघाला. पारशी, हिंदू, मुसलमान, आणि कॅप्टन पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदर सिंग. महाराजांचं लक्ष पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाच्या समारंभात जास्त. ते थोडेच सामने खेळले. संघ एकामागून एक सामने हरत होता. प्रथम दर्जाचे १४ सामने झाले, त्यांतले १० हरले, २ अनिर्णित, आणि जिंकले फक्त २. पण बाळू पस्तिशीतले, खांदा दुखतोय, तरी रोज बॉलिंग करताहेत. केंब्रिज विद्यापीठाच्या एका डावात ८ बळी. लेस्टरशायर कौंटीला हरवलं त्यातही बाळूंचा वाटा सर्वांत मोठा. मग टाँटन या बाजारगावी सॉमरसेट कौंटीशी सामना झाला. तिथे शिवरामने नाबाद शतक ठोकलं आणि संघ एका गड्याने जिंकला. म्हणजे त्या दौऱ्यातले दोन्ही मोठे विजय, कोणी टाकून दिलेल्या बॅटबॉलवर शिकलेल्या दोन भावांच्या जोरावर. प्रथम दर्जाच्या सामन्यांत बाळूंचे ७५ बळी, सगळे सामने धरले तर ११४.

इंग्लंडमध्ये त्यांची तुलना विल्फ्रेड ऱ्होड्सशी व्हायची. ऱ्होड्स म्हणजे यॉर्कशायर कौंटीचा डावखुरा स्पिनर, सगळ्या कारकिर्दीत चार हजारांहून जास्त बळी घेणारा. तोही खेड्यातला, कामकरी घरातला, सुरुवातीला रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये कामाला. मला गंमत वाटली ती पुढची. जे इंग्रज आपल्याला क्रिकेट शिकवत होते, त्यांच्याकडे तरी सगळे एका टेबलावर बसायचे का? नाही! कौंटी क्रिकेटमध्ये जेंटलमन आणि प्लेअर अशा दोन जाती होत्या. पैसे न घेता खेळणारा तो जेंटलमन, पगारी तो प्लेअर. दोघांच्या ड्रेसिंग रूम वेगळ्या, मैदानात उतरायची फाटकं वेगळी, स्कोअरकार्डवर नाव छापायची पद्धतसुद्धा वेगळी. कॅप्टन बहुधा जेंटलमनच. हा भेद १९६२ साली रद्द झाला. ऱ्होड्सला निदान माणूस म्हणून शिवायला कोणाची हरकत नव्हती, बाळूंची अडचण त्याहून खोल होती. पण बॉल तू टाक आणि कॅप्टन आम्ही होतो, हे गणित दोन्हीकडे सारखंच.

दौऱ्याहून परतल्यावर मुंबईत दलित समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या वेळचं मानपत्र एका तरुण विद्यार्थ्याने तयार केलं होतं असं सांगतात. त्या विद्यार्थ्याचं नाव भीमराव आंबेडकर. पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक असतानाही बाबासाहेब विद्यार्थ्यांशी बाळूंविषयी अभिमानाने बोलत. आपल्यातला एक माणूस जगात मान मिळवू शकतो याचं बाळू हे त्या पिढीपुढचं पहिलं उदाहरण होतं.

आता कॅप्टनपदाचं काय? हिंदू संघात बाळूंहून अनुभवी कोणी नव्हतं. दर वर्षी चर्चा व्हायची, दर वर्षी दुसऱ्यालाच कॅप्टन करायचे. कॅप्टन झालेल्या एम. डी. पै यांनी स्वतः जाहीरपणे मान्य केलं होतं की हा मान खरं तर बाळूंचा. मान्य केलं, पण मान काही मिळाला नाही. १९२० मध्ये मात्र भावांचा संयम संपला. बाळूंना पहिल्या सामन्यातून वगळलं आणि पै आजारी असताना कॅप्टनपद पुन्हा दुसऱ्याकडे गेलं, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या भावांनी संघातून अंग काढून घेतलं. लोकमत त्यांच्या बाजूने गेलं. पुढच्या सामन्यासाठी बाळूंना परत घेतलं, व्हाइस कॅप्टन केलं, आणि पै मैदानाबाहेर गेल्यावर काही काळ बाळूंनी संघाचं नेतृत्व केलं. बस्स, तेवढंच. प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१, आणि कॅप्टनपद काही तासांचं.

त्यांचा धाकटा भाऊ विठ्ठल १९२३ मध्ये हिंदू संघाचा कॅप्टन झाला आणि त्याच्या हाताखाली संघ चौरंगी स्पर्धा जिंकला. मला ही गोष्ट वाचून आधी आनंद झाला. मग वाटलं, दार उघडायला मोठ्या भावाची अख्खी कारकीर्द लागली.

बाळूंची पुढची गोष्ट क्रिकेटइतकी सरळ नाही. ती लपवूही नये. ते गांधीजींच्या बाजूला झुकले, आणि स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर बाबासाहेब आणि त्यांचे रस्ते वेगळे झाले. २४ सप्टेंबर १९३२ ला येरवड्याला जो पुणे करार झाला, त्यावर बाबासाहेबांचीही सही आहे आणि बाळूंचीही. १९३७ च्या मुंबई विधिमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने बाबासाहेबांविरुद्ध बाळूंना उभं केलं. ज्या तरुणाने मानपत्र लिहिलं आणि ज्याच्यासाठी लिहिलं, ते दोघं एकमेकांसमोर. बाबासाहेबांना १३,२४५ मतं, बाळूंना ११,२२५. बाळू हरले. इतिहासाने बाबासाहेबांना लक्षात ठेवलं, ते योग्यच झालं. पण बाळूंना जवळजवळ पुसून टाकलं, हे काही योग्य झालं नाही. जुलै १९५५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं. भारताला कसोटीचा दर्जा मिळाला १९३२ मध्ये, तोवर त्यांचं खेळण्याचं वय केव्हाच उलटून गेलं होतं. म्हणून कसोटीच्या रेकॉर्ड बुकात त्यांचं नाव तुम्हाला सापडणार नाही.

पुस्तक परत केलं त्या दिवशी मी रेक्टर सरांना भेटलो नाही. थेट ग्राउंडवर गेलो. चहा आल्यावर पायरीवर सरकून जागा केली. दादा आधी नको म्हणाला, मग बसला. जगावेगळं काहीच घडलं नाही, चहा नेहमीसारखाच पाणचट होता. आता तो रोज तिथेच बसतो, आणि माझी चेष्टा करण्यात सगळ्यांत पुढे असतो.

इंटर-हॉस्टेलच्या नियमाप्रमाणे फक्त विद्यार्थीच खेळू शकतात, तो नियम मी समजू शकतो. पण रविवारची स्टुडंट्स विरुद्ध स्टाफ मॅच तर आपली घरचीच आहे. मेस, ऑफिस, वर्कशॉप, सिक्युरिटी, सगळे स्टाफच की! गेल्या वर्षी त्या मॅचमध्ये दादा स्टाफकडून खेळला, पाच विकेट काढल्या, टाळ्या मिळाल्या. या वर्षी स्टाफ टीमचा कॅप्टन कोण, यावर मीटिंग झाली तेव्हा बरीच नावं पुढे आली. त्याचं नाव कोणीच घेतलं नाही. मीही तिथे चहा द्यायला आणि यादी लिहायला होतो, मीही घेतलं नाही. आपण विद्यार्थी, स्टाफच्या टीमबद्दल आपण काय बोलायचं, अशी मी स्वतःची समजूत घातली. पै यांनी निदान जाहीरपणे बोलून दाखवलं होतं, मी तर तेवढंही केलं नाही.

म्हणून इथे लिहितो. त्याचं नाव छापत नाही, पण हॉस्टेलमध्ये ते सगळ्यांना माहीत आहे. मॅच अजून व्हायची आहे आणि कॅप्टनचं नाव बोर्डावर लागलेलं नाही. स्टाफमधल्या सर, मॅडम आणि काका मंडळींना माझी विनंती आहे की या नावाचा विचार व्हावा. आणि आमच्या टीमला एक सूचना. रविवारी सकाळी रोलर कोण ओढणार, याची यादी मी नोटीस बोर्डावर लावली आहे. पहिलं नाव माझं आहे.